साभार परत ते साठ कोटी प्रती

लंडनच्या ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने २६ जून १९९७ रोजी मुलांसाठी लिहिलेली एक कादंबरी बाजारात आणली. सजिल्द आवृत्तीच्या प्रती छापल्या होत्या अवघ्या ५००, आणि त्यातल्या सुमारे ३०० सार्वजनिक ग्रंथालयांकडे रवाना झाल्या. लेखिका अपरिचित होती, पुस्तक पहिलेच होते आणि प्रकाशकांच्या अपेक्षाही बेताच्याच होत्या. त्या ५०० प्रतींपैकी एक डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात ४ लाख ७१ हजार डॉलरना विकली गेली. पुस्तकाचे नाव 'हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन', लेखिकेचे, जे. के. रोलिंग. सात पुस्तकांच्या या मालिकेचा जगभरातील खप ६० कोटी प्रतींच्या पुढे गेला असून ऐंशीहून अधिक भाषांत तिचे अनुवाद झाले आहेत.

या यशाची कहाणी इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला दंतकथेचे स्वरूप आले आहे. बेकार, एकाकी तरुण आई, मांडीवर मूल, थंडगार घर, कॉफीच्या एका पेल्यावर काढलेले दिवस आणि मग एका रात्रीत आलेली लक्ष्मी. यातले बरेचसे खरे आहे; पण 'एका रात्रीत' हा भाग मात्र साफ खोटा. कथाबीज सुचल्यापासून पहिले पुस्तक छापून होईपर्यंत सात वर्षे गेली आणि शेवटचे पुस्तक हाती येईपर्यंत आणखी दहा.

रेल्वेच्या डब्यात

जोआन रोलिंग यांचा जन्म ३१ जुलै १९६५ रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील येट या गावी झाला. (कथेतील हॅरीचा वाढदिवसही ३१ जुलैच.) वडील रोल्स-रॉईस कंपनीच्या विमान-इंजिनांच्या कारखान्यात इंजिनीअर. आईवडिलांची पहिली भेट लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून सुटलेल्या गाडीत झाली होती. जादूच्या शाळेकडे जाणारी आगगाडी याच स्थानकाच्या 'पावणेदहा' क्रमांकाच्या फलाटावरून सुटते, हे मालिकेच्या वाचकांना सांगायला नकोच. बालपणी विंटरबोर्न गावात राहत असताना शेजारच्या कुटुंबाचे आडनाव पॉटर होते, एवढीच काय ती त्या नावाची उत्पत्ती.

एक्झिटर विद्यापीठात त्यांनी फ्रेंच आणि अभिजात भाषा हे विषय घेतले. पोटापाण्याला उपयोगी पडेल असे शिक्षण मुलीने घ्यावे, ही आईवडिलांची इच्छा होती. ग्रीक पुराणकथा आणि लॅटिन यांतून पोट कसे भरणार, हा त्यांचा प्रश्न त्या काळी रास्तच म्हणायचा. पुढे हॉगवर्ट्समधील मंत्रांना लॅटिनचा जो बाज आला, तो याच निरुपयोगी शिक्षणातून. पदवीनंतर त्यांनी लंडनमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेच्या कार्यालयात काम केले. आफ्रिकेतील छळाच्या तक्रारींची कागदपत्रे तेथे त्यांच्या हाताखालून गेली. मालिकेच्या उत्तरार्धातील जुलमी राजवट, नोंदणीची सक्ती, रक्तशुद्धीच्या चौकश्या या साऱ्यांचा उगम शोधायचा झाला, तर या नोकरीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

१९९० मध्ये मँचेस्टरहून लंडनला परतताना गाडी उशिराने धावत होती. आपण जादूगार आहोत हे ठाऊक नसलेला, चष्मा लावणारा, पोरका मुलगा ही कल्पना त्यांना त्या प्रवासात सुचली. जवळ चालणारे पेन नव्हते आणि कोणाकडे मागण्याचा संकोच वाटला. त्यामुळे चार तास नुसता विचार करीत त्या बसून राहिल्या. लिहायला सुरुवात त्याच सुमारास लंडनच्या क्लॅपम जंक्शन भागातील भाड्याच्या खोलीत झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस आई गेली. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने दहा वर्षे ग्रासलेल्या ॲन रोलिंग अवघ्या ४५ वर्षांच्या होत्या. मुलगी काय लिहीत आहे, हे त्यांना कधीच कळले नाही. या मृत्यूनंतर कथेचा पोत बदलला. हॅरीचे पोरकेपण आधी कथानकाची एक सोय होती. आता ती वेदना झाली. मनातील सर्वांत खोल इच्छा दाखवणाऱ्या आरशासमोर हॅरी मृत आईवडिलांकडे पाहत राहतो, ते प्रकरण त्यानंतर पोर्तुगालमध्ये लिहिले गेले आणि रोलिंग यांचे ते आवडते प्रकरण ठरले.

एडिंबरोची वर्षे

१९९१ मध्ये इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी त्या पोर्तुगालमधील पोर्तो शहरी गेल्या. तेथे १९९२ मध्ये एका पोर्तुगीज पत्रकाराशी विवाह झाला, १९९३ च्या जुलैमध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विवाह संपुष्टातही आला. या विवाहात आपल्याला हिंसा सोसावी लागल्याचे त्यांनी २०२० मधील एका लेखात नमूद केले आहे. डिसेंबर १९९३ मध्ये काही महिन्यांची मुलगी आणि कादंबरीची तीन प्रकरणे घेऊन त्या धाकट्या बहिणीच्या आश्रयाने स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी आल्या.

पुढील काळ सरकारी निर्वाहभत्त्यावर गेला. आठवड्याला सुमारे ७० पौंड. याच काळात त्यांना नैराश्याने गाठले. आत्महत्येचे विचारही मनात येत होते आणि त्यासाठी मानसोपचार घ्यावे लागले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. माणसाच्या मनातील आनंद शोषून घेणारे 'डिमेंटर' हे मालिकेतील भयानक जीव म्हणजे त्या नैराश्याचेच रूप होय. पैसा आणि प्रतिष्ठा मिळाल्यानंतर हलाखीचे दिवस रम्य करून सांगण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. रोलिंग यांनी तो कटाक्षाने टाळला. गरिबीत रम्य वाटावे असे काहीही नसते, हेच त्या सातत्याने सांगत आल्या.

कॅफेची गोष्ट खरी आहे, पण कारण वेगळे. घर गरम ठेवायला पैसे नसल्याने त्या कॅफेत जाऊन बसत, ही वदंता त्यांनी स्वतःच खोडून काढली. बाबागाडीत फिरवले की मुलगी झोपी जाई आणि ती झोपली की जवळच्या कॅफेत बसून लिहिता येई, इतका साधा हिशेब होता. त्यातला निकल्सन्स हा कॅफे बहिणीच्या यजमानांच्या मालकीचा असल्याने एका कॉफीवर तासन्‌तास बसलेल्या गिऱ्हाइकाला कोणी उठवत नसे. आज एडिंबरोतील निरनिराळी उपाहारगृहे आणि पोर्तोमधील एक देखणे पुस्तकांचे दुकान या दंतकथेवर पर्यटकांची गर्दी खेचतात. पोर्तोतील त्या दुकानात आपण कधी पाऊलही ठेवले नव्हते, असा खुलासा लेखिकेने केला, तरी गर्दी काही हटली नाही.

१९९५ मध्ये हस्तलिखित पुरे झाले. जुन्या टाइपरायटरवर ते टंकलिखित करून त्यांनी साहित्यिक मध्यस्थांना पाठवले. पहिल्या मध्यस्थाने ते परत केले. दुसरे ख्रिस्तोफर लिटल. त्यांच्या कार्यालयात बालसाहित्य हाताळण्याची प्रथा नव्हती, त्यामुळे बाड नकाराच्या टोपलीत पडले होते. तेथील एका तरुण कर्मचारी महिलेने ते उचलून चाळले आणि वरिष्ठांकडे आग्रह धरला. त्यानंतर १२ प्रकाशकांनी ते साभार परत केले. मुलांच्या पुस्तकाच्या मानाने ते फार लांब होते आणि निवासी शाळेच्या गोष्टींचा काळ सरला, असे तेव्हाचे जाणकार मानत होते.

१९९६ मध्ये ब्लूम्सबरीच्या नव्या बालसाहित्य विभागाचे संपादक बॅरी कनिंगहॅम यांनी ते स्वीकारले. संस्थेचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी पहिले प्रकरण घरी नेऊन आठ वर्षांच्या मुलीला दिले आणि तिने पुढचा भाग मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही, ही आठवण प्रसिद्धच आहे. आगाऊ मानधन अडीच हजार पौंडांच्या पलीकडे नव्हते. मुलांच्या पुस्तकांवर घर चालत नाही, तेव्हा नोकरी धरून ठेवा, असा प्रामाणिक सल्लाही कनिंगहॅम यांनी दिला. तो चुकीचा ठरला. पण दिला तेव्हा तो शंभरातल्या नव्व्याण्णव लेखकांना लागू पडणारा होता. रोलिंग यांनीही तो मनावर घेतला होता. एडिंबरोतच शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण त्यांनी या काळात पुरे केले. १९९७ मध्ये स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलने दुसऱ्या पुस्तकासाठी ८ हजार पौंडांचे अनुदान दिले, तेव्हा लेखनासाठी थोडी उसंत मिळाली.

स्त्रीचे नाव पाहून मुलगे पुस्तक हाती घेणार नाहीत, या धास्तीने प्रकाशकांनी नावाऐवजी आद्याक्षरे सुचवली. जोआन यांना मधले नाव नव्हते. त्यांनी आजीचे 'कॅथलीन' उसने घेतले आणि 'जे. के.' हे नाव तयार झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीसही इंग्लंडमध्ये ही खबरदारी घ्यावीशी वाटली, हे नोंदवण्याजोगे आहे.

लाट

लवकरच हक्कविक्रीचा लिलाव गाजला. अमेरिकेतील स्कॉलॅस्टिक या संस्थेने १ लाख ५ हजार डॉलर मोजून तेथील हक्क घेतले. अनोळखी लेखिकेच्या बालकादंबरीसाठी ही रक्कम अभूतपूर्व होती आणि वृत्तपत्रांचे लक्ष प्रथम गेले ते या आकड्याकडे. अमेरिकेत नाव बदलून 'सॉर्सरर्स स्टोन' करण्यात आले. या बदलाला संमती दिल्याचा पश्चात्ताप लेखिकेला पुढे झाला.

मात्र ब्रिटनमधील खप वाढला तो जाहिरातींनी नव्हे. मुलांच्या मतांवर ठरणारे स्मार्टीज पारितोषिकाचे सुवर्णपदक १९९७, १९९८ आणि १९९९ अशी सलग तीन वर्षे या मालिकेला मिळाले. चौथे पुस्तक रोलिंग यांनी स्वतःहून स्पर्धेबाहेर ठेवले. शाळेच्या मैदानावर एका मुलाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने घरी हट्ट धरला, आणि रात्री मुलाला वाचून दाखवता दाखवता पालकच पुस्तकात अडकले, असा हा प्रसार होता. लोकलगाडीत बालसाहित्य वाचताना प्रौढांना ओशाळे वाटू नये म्हणून ब्लूम्सबरीने १९९८ मध्ये गंभीर मुखपृष्ठाची वेगळी आवृत्ती काढली.

मालिकेची बांधणी हे या यशाचे खरे मर्म आहे आणि त्याविषयी तुलनेने कमी लिहिले गेले. सात वर्षे, सात पुस्तके, प्रत्येक पुस्तकात शाळेचे एक वर्ष ही योजना आरंभापासून पक्की होती. निवासी शाळेची गोष्ट हा ब्रिटिश बालसाहित्यातील जुना प्रकार. आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या पिढ्यांना तो एनिड ब्लायटन यांच्यामुळे चांगलाच परिचयाचा. रोलिंग यांनी त्यात अद्भुतरम्य कथा मिसळली आणि वर हेरकथेचा साचा बसवला. पहिल्या पुस्तकात सहज उल्लेखलेली वस्तू सहाव्या पुस्तकात कळीची ठरते. त्यामुळे वाचक पुन्हा मागे जातो आणि जुनी पुस्तकेही खपत राहतात. शिवाय वाचकाबरोबर नायकाचे वय वाढते. १९९७ मध्ये अकरा वर्षांचा असलेला वाचक २००७ मध्ये एकवीस वर्षांचा झाला. तोवर कथाही चॉकलेटी बेडकांपासून युद्धातील मृत्यूंपर्यंत पोहोचली होती. पुस्तकांची जाडीही त्याच बेताने फुगत गेली. ब्रिटिश आवृत्तीत पहिले पुस्तक २२३ पानांचे, चौथे ६३६, पाचवे तब्बल ७६६. मुले जाड पुस्तके वाचत नाहीत या प्रकाशनव्यवसायातील जुन्या समजुतीला यामुळे मूठमाती मिळाली. पण पाचव्या पुस्तकाला कात्री हवी होती, हे लेखिकेनेही मान्य केले आहे.

लोकप्रियतेचा दाब कसा असतो, याचा प्रत्यय चौथ्या पुस्तकाच्या वेळी आला. वर्षाला एक पुस्तक हा क्रम चालू असताना मध्यावर कथानकात मोठे भगदाड सापडले आणि बराचसा मजकूर नव्याने लिहावा लागला. ८ जुलै २००० रोजी ते प्रकाशित झाले तेव्हा एकट्या अमेरिकेतील पहिली आवृत्ती ३८ लाख प्रतींची होती. याच सुमारास 'न्यूयॉर्क टाइम्स'ने खपाच्या यादीतून बालसाहित्य वेगळे काढले. आधीची तिन्ही पुस्तके वरच्या जागा अडवून बसली होती, चौथे येऊ घातले होते आणि प्रौढांसाठी लिहिणाऱ्यांच्या प्रकाशकांची कुरकुर वाढली होती. त्यानंतर पुढच्या पुस्तकासाठी वाचकांना जून २००३ पर्यंत, म्हणजे तीन वर्षे थांबावे लागले. सातवे व अखेरचे पुस्तक एडिंबरोच्या बाल्मोरल हॉटेलात ११ जानेवारी २००७ रोजी पुरे झाले आणि २१ जुलै २००७ रोजी विक्रीस आले. पहिल्या चोवीस तासांत ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून सुमारे १ कोटी १० लाख प्रती खपल्या.

नफा कोणाचा?

या प्रचंड खपात पुस्तकविक्रेत्यांचे भले झाले असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती गुंतागुंतीची होती. छापील किमतीखाली पुस्तक विकायचे नाही, हा ब्रिटनमधील जुना करार १९९५ मध्ये कोलमडला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने तो अवैध ठरवला, म्हणजे हॅरी पॉटर बाजारात आला त्याच वर्षी. सातव्या पुस्तकाची छापील किंमत १७.९९ पौंड होती; ॲस्डा या सुपरमार्केटने ते ५ पौंडांना विकले. दूध-पाव घ्यायला ग्राहक दुकानात यावा म्हणून पुस्तकावर तोटा सोसण्याची ही नीती होती. छोट्या दुकानदारांना घाऊक दरातही प्रती इतक्या स्वस्त मिळत नव्हत्या, त्यामुळे काहींनी सुपरमार्केटमध्ये रांग लावून तेथूनच माल उचलला. शतकातील सर्वाधिक खपाच्या पुस्तकावर कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याला धड दोन पैसे सुटू नयेत, हा या कहाणीतला एक कडवट भाग.

लेखिकेने मात्र आपले हक्क विलक्षण सावधपणे जपले. १९९८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सला चित्रपटाचे हक्क देताना प्रमुख कलाकार ब्रिटिशच असावेत, हा आग्रह त्यांनी धरला. २००१ ते २०११ दरम्यान निघालेल्या आठ चित्रपटांनी जगभरात सुमारे ७७० कोटी डॉलरचा गल्ला जमवला. त्याहून दूरदर्शी निर्णय ठरला तो ई-पुस्तकांचा. हे हक्क त्यांनी प्रकाशकांना दिलेच नव्हते. मार्च २०१२ मध्ये स्वतःच्याच 'पॉटरमोर' या संकेतस्थळावरून त्यांनी ई-पुस्तके विकायला काढली, तेव्हा ॲमेझॉनलाही आपले गिऱ्हाईक तिकडे पाठवण्याची व्यवस्था करावी लागली. बड्या प्रकाशनसंस्थांना हे जमले नव्हते. 'फोर्ब्स'ने २००४ मध्ये लेखनाच्या बळावर अब्जाधीश झालेली पहिली व्यक्ती म्हणून त्यांची नोंद केली आणि २०१२ मध्ये यादीतून नाव वगळले. कारणे दोन, ब्रिटनमधील करांचा बोजा आणि दानधर्म. करसवलतीच्या देशात बिऱ्हाड न हलवण्याचे कारण त्यांनी २०१० मध्ये 'टाइम्स'मधील लेखात दिले होते: पडत्या काळात ज्या कल्याणकारी व्यवस्थेने सावरले, तिचे ऋण फेडायचे तर कर भरायला हवा.

पाटील भगिनी आणि मुंबईची पहाट

हॉगवर्ट्सच्या वर्गात पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी आहेत, आणि हे आडनाव कोठले हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. चौथ्या पुस्तकातील नृत्यसमारंभात हॅरीची जोडीदार पार्वती असते आणि रॉनची पद्मा. दोघींच्याही वाट्याला येतो तो कंटाळा. चित्रपटात त्या घागरा-ओढणीत दिसल्या. लेखिकेने त्यांचे घर, घराणे काहीच सांगितलेले नाही, तरी मराठी वाचकांनी त्यांना आपल्या मानून टाकले.

प्रकाशनाचा मुहूर्त ब्रिटनमध्ये मध्यरात्रीनंतर एका मिनिटाचा, म्हणजे भारतात पहाटे साडेचारचा. २००५ आणि २००७ मध्ये मुंबईसारख्या शहरांत पुस्तकांच्या दुकानांपुढे सकाळी लवकर मुलांच्या आणि त्यांच्या पेंगुळलेल्या पालकांच्या रांगा लागल्या. पदपथावर नकली प्रती अर्ध्याहून कमी किमतीत मिळू लागल्या, तो भाग वेगळा. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने हिंदीपाठोपाठ मराठी अनुवादही आणले. पहिल्या पुस्तकाचे 'हॅरी पॉटर आणि परीस' हे मराठी नाव इंग्रजी नावापेक्षाही नेमके साधले आहे. तत्त्वज्ञाचा दगड म्हणजे परीसच की!

भारतातील न्यायालयांतही हॅरी दोनदा गाजला. २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सच्या वाड्याचा मंडप उभारला. रोलिंग, वॉर्नर ब्रदर्स आणि पेंग्विन इंडिया यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २० लाख रुपयांचा दावा लावला. मंडप तात्पुरता, उत्सव बिनव्यापारी. न्यायालयाने उत्सव पार पडू दिला. पुढच्या वर्षी 'हरी पुत्तर' या हिंदी चित्रपटाच्या नावावर वॉर्नरने आक्षेप घेतला, तोही टिकला नाही. हॅरी पॉटरचा वाचक इतका अजाण नसतो, असाच त्या निकालाचा मथितार्थ होता. अमेरिकेतील २००८ चा खटला मात्र रोलिंग यांच्या बाजूने गेला. मालिकेचा कोश रचणाऱ्या एका चाहत्याचे संकेतस्थळ त्यांनी पूर्वी वाखाणले होते. त्याचे विक्रीचे पुस्तक होऊ लागताच त्यांनी ते रोखले. कायद्याने त्या बरोबर ठरल्या, तरी चाहत्याविरुद्ध साक्ष देणारी कोट्यधीश लेखिका हे चित्र कोणालाच सुखावणारे नव्हते.

समीक्षकांचे मत दुभंगलेलेच राहिले. अमेरिकी समीक्षक हॅरोल्ड ब्लूम यांनी २००० मध्ये भाषेच्या घिसेपिटेपणावर बोट ठेवले आणि कादंबरीकार ए. एस. बायट यांनीही २००३ मध्ये टीका केली. तिसऱ्या पुस्तकाला व्हिटब्रेड बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पण वर्षातील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान शेमस हीनी यांच्या 'बेओवुल्फ'च्या अनुवादाला गेला. जादूटोण्याचा प्रसार होतो म्हणून अमेरिकेतील धार्मिक गटांनी शालेय ग्रंथालयांतून पुस्तके काढण्याची मागणी केली आणि २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांत ही मालिका पहिली आली. भाषेवरील टीकेत तथ्य आहे. रोलिंग यांचे बळ वाक्यात नाही, रचनेत आणि नामकरणात आहे.

दुसरे नाव

मालिका संपल्यावर काय, हा प्रश्न लेखिकेपुढे होताच. २०१२ मध्ये 'द कॅज्युअल व्हेकन्सी' ही प्रौढांसाठीची कादंबरी आली. खपली भरपूर, पण प्रत्येक परीक्षणात तुलना हॅरी पॉटरशी. एप्रिल २०१३ मध्ये 'द कुकूज कॉलिंग' ही गुप्तहेरकथा निघाली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ, लष्करी पोलिसांत काम केलेला नवा गृहस्थ, असा परिचय छापलेला. परीक्षणे चांगली आली आणि ब्रिटनमध्ये सजिल्द आवृत्तीच्या सुमारे दीड हजार प्रती खपल्या. जुलैमध्ये 'संडे टाइम्स'ने बिंग फोडले. रोलिंग यांच्या वकिलांच्या कार्यालयातील एका भागीदाराने पत्नीच्या मैत्रिणीपाशी हे नाव उघड केले होते. काही तासांत पुस्तक खपाच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. वकिलांकडून मिळालेली भरपाई त्यांनी सैनिकांच्या कल्याणनिधीला दिली.

प्रसिद्धीने काय होते याचा इतका स्वच्छ प्रयोग साहित्यव्यवहारात क्वचितच झाला असेल. पुस्तक तेच, मजकूर तोच. नाव बदलले आणि हजारांचे लाख झाले. गॅलब्रेथ या नावानेही प्रकाशकांचे नकार आले होते, आणि त्यातली दोन पत्रे २०१६ मध्ये रोलिंग यांनी नवोदितांसाठी जाहीर केली. एका प्रकाशकाने तर लेखनवर्गात नाव घालण्याचा सल्ला दिला होता! या मालिकेच्या २०२५ पर्यंत आठ कादंबऱ्या झाल्या.

जादूनगरीचा व्यापार दुसरीकडे वाढतच राहिला. २०१० मध्ये फ्लोरिडातील ऑरलँडोत उद्यान उघडले. २०१६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर 'कर्स्ड चाइल्ड' हे जॅक थॉर्न यांनी लिहिलेले नाटक आले आणि त्याने नऊ ऑलिव्हिए पारितोषिके पटकावली. 'फँटास्टिक बीस्ट्स' या चित्रपटमालेचे पाच भाग ठरले होते. कमाई दर वेळी घटत गेली आणि २०२२ च्या तिसऱ्या भागावर गाडी थांबली. पटकथाकार म्हणून रोलिंग यांना कादंबरीकाराइतकी हातोटी साधली नाही, असेच म्हणावे लागते.

जून २०२० मध्ये पारलिंगी व्यक्तींचे हक्क आणि जैविक लिंगावर आधारलेले स्त्रियांचे हक्क यांविषयी त्यांनी लिहिलेला लेख मोठ्या वादाचे कारण ठरला. त्यांची भूमिका पारलिंगी समाजाला दुखावणारी आहे, असे म्हणत चित्रपटांतील डॅनियल रॅडक्लिफ आणि एमा वॉटसन यांनी जाहीर असहमती दर्शवली; अनेक जुने वाचक दुरावले. स्त्रियांसाठीच्या सुरक्षित जागा राखण्याचा मुद्दा मांडल्याबद्दल अनेकींनी त्यांचे आभारही मानले. रोलिंग मागे हटल्या नाहीत. २०२२ मध्ये त्यांनी एडिंबरोत लैंगिक अत्याचारपीडित स्त्रियांसाठी मदतकेंद्र सुरू केले. ते केवळ जैविक स्त्रियांसाठी असल्याने त्यावरही मतभेद झाले. बहिष्काराच्या हाका उठूनही २०२३ मधील 'हॉगवर्ट्स लेगसी' हा व्हिडिओ गेम तुफान खपला. सातही पुस्तकांवरील नव्या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण जुलै २०२५ मध्ये सुरू झाले असून रोलिंग तिच्या कार्यकारी निर्मात्यांपैकी एक आहेत.

२००१ मध्ये डॉक्टर नील मरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी आहे. कुटुंब एडिंबरोतच स्थायिक झाले. त्याच शहरातील विद्यापीठाला २०१० मध्ये रोलिंग यांनी १ कोटी पौंड दिले आणि त्यातून मज्जासंस्थेच्या आजारांवरील संशोधन व उपचारांचे केंद्र उभे राहिले. ते ॲन रोलिंग यांच्या नावाने ओळखले जाते.